स्पॅनिश : विहीणबाईंशी बोलायचंय, मदत करा (व्याकरण, शब्द, भाषांतर सगळं इथेच विचारा)

मालाकाकू
नमस्कार मंडळी. वय ६१, बँकेतून रिटायर, मुक्काम सातारा. लेक स्पेनमधे बालेन्सियाला (व्हॅलेन्सिया) असते, जावई तिथलाच, मार्चमधे लेकीचं बाळंतपण आहे म्हणून मी ९० दिवसांच्या व्हिसावर जातेय. विहीणबाईंना स्पॅनिश सोडून काही येत नाही, इंग्रजीत हॅलो सुद्धा नाही. म्हणून चार महिने झाले मोबाईलवर अ‍ॅप लावून शिकतेय.

तर झालं काय, परवा व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदाच मी एकटीने त्यांच्याशी बोलले, तीन दिवस आरशासमोर पाठ केलेलं वाक्य, "ओला, सोय माला". त्या आधी गप्प, मग हसायला लागल्या, मग मागे उभा असलेला जावई हसला, मग माझी पोटची पोर पण. नंतर कळलं की माला म्हणजे वाईट. म्हणजे मी विहिणीला फोन करून सांगितलं की नमस्कार, मी वाईट आहे. ६१ वर्षं हे नाव घेऊन फिरतेय, सातारा जिल्ह्यात कोणाची हरकत नव्हती.

तर प्रश्न दोन. एक, नावाचं काय करू. दोन, सोय आणि एस्तोय असे दोन दोन "आहे" या लोकांना कशाला लागतात? अ‍ॅप म्हणतं कायमचं असेल तर सोय, तात्पुरतं असेल तर एस्तोय. पण तेच अ‍ॅप "तो मेलेला आहे" ला एस्ता म्हणतं. मेलेला माणूस तात्पुरता कसा मेलेला?

रानवारा
काकू स्वागत आहे, मी बालेन्सियातच आहे गेली ९ वर्षं 😀 आणि तुमच्याच नावात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे बघा.

सोय माला = मी वाईट (बाई) आहे, स्वभावानेच.
एस्तोय माला = मला बरं नाहीये, आजारी आहे.

कायमचं-तात्पुरतं हे सोडून द्या, इंग्रजी पुस्तकांनी लावलेली सवय आहे ती आणि पहिल्या महिन्यानंतर नुसती नडते. त्यापेक्षा असं बघा, सेर (सोय, एस, सोन) म्हणजे ती वस्तू काय/कोण आहे, आणि एस्तार (एस्तोय, एस्ता, एस्तान) म्हणजे ती आत्ता कशी/कुठे आहे, तिचं काय झालंय. मराठीत आपण दुसऱ्यासाठी पुष्कळदा "झालाय" म्हणतो ना, चहा गार झालाय, काकडी कडू निघालीय, तिथे एस्तार. मेलाय, हे पण झालेलंच आहे, म्हणून एस्ता मुएर्तो. लग्न झालंय, एस्ता कासादो. आंबा एस वेर्दे म्हटलं तर रंगाने हिरवा, एस्ता वेर्दे म्हटलं तर अजून पिकला नाही, कच्चा आहे.

जागेला एस्तार. एस्तोय एन सातारा, मी साताऱ्यात आहे. पण मूळ कुठली ते सेर, सोय दे सातारा. आणि एक गंमत, कार्यक्रम कुठे आहे ते सेर ने सांगतात, ला बोदा एस एन एल ओतेल, लग्न हॉटेलात आहे, कारण लग्न तिथे ठेवलेलं नाहीये, होणार आहे.

नावाचं सोपं आहे. "मे यामो माला" म्हणा, माझं नाव माला. आणि लगेच पुढे "पेरो सोय मुय बुएना", पण मी फार चांगली आहे. त्या परत हसतील पण यावेळी तुमच्या बाजूने. फक्त प्लीज तिथे चुकून एस्तोय बुएना म्हणू नका, त्याचा अर्थ स्पेनमधे "मी काय मस्त दिसते, माल आहे मी" असा होतो. बरी आहे म्हणायचं असेल तर एस्तोय बिएन.

शंकासूर
वरचं छान आहे पण याहून सोपं नाही का? सेर म्हणजे असतो, एस्तार म्हणजे आहे. बर्फ थंड असतो = ला निएवे एस फ्रीआ. चहा थंड आहे = एल ते एस्ता फ्रीओ. मी तर असंच पाठ केलंय, ए२ (भाषेची दुसरी पायरी) ची परीक्षा द्यायची आहे मे मधे.

पेद्रो_पुणेकर
शंकासूर, दोन उदाहरणं जुळली की नियम होत नाही. "मी रोज संध्याकाळी घरी असतो" याचं काय करणार? एस्तोय एन कासा. "मी मराठी आहे" चं काय करणार? सोय मराठी. तुमच्या हिशोबाने दोन्ही उलट यायला हवेत. मराठीतलं आहे/असतो हे सवयीचं आणि सध्याचं, सेर/एस्तार ची वाटणी वेगळीच आहे. पुण्यात १४ वर्षं स्पॅनिश शिकवतोय, दर बॅचला एक जण हा शोध लावतो.

रानवारा यांचं "झालाय" बरोबर आहे, मी पण तेच सांगतो.

शंकासूर
ओके सर 🙏 (मीच तो एक जण)

मालाकाकू
रानवारा, काय सुंदर समजावलंत, वहीत लिहून घेतलं. आता पुढचं. मी त्यांना विहीणबाई म्हणते, म्हणजे मराठीत. स्पॅनिशमधे काय म्हणू? इंग्रजीत तर या नात्याला शब्दच नाही, लेकीच्या सासूबाई असं पुराण सांगावं लागतं. आणि दुसरं म्हणजे अहो-जाहो. मी उस्तेद म्हणायचं ठरवलंय, त्या वयाने मोठ्या आहेत आणि मुलाकडच्या आहेत.

रानवारा
शब्द आहे!! कोन्सुएग्रा. सुएग्रा म्हणजे सासू, कोन म्हणजे सह, दोघी मिळून सासवा 😄 पुरुष असेल तर कोन्सुएग्रो, व्याही. येर्नो जावई, नुएरा सून, कुन्यादा मधे नणंद मेव्हणी वहिनी सगळ्या एका टोपलीत, पण जावेला वेगळा शब्द आहे, कोन्कुन्यादा. नात्यांच्या बाबतीत हे लोक आपल्याला इंग्रजांपेक्षा जवळचे.

उस्तेद बद्दल, स्पेनमधे घरात कोणी उस्तेद म्हणत नाही हो. मी सासूबाईंना पहिल्या दिवशी उस्तेद म्हटलं तर त्यांनी हात धरून सांगितलं "तुतेआमे". तुतेआर हे क्रियापद आहे, तू-तू करणे, म्हणजे आपलं अरेतुरे करणे. "मला अरेतुरे कर गं" असं सासू सुनेला सांगते ते ऐकून मला रडूच आलं होतं. तुम्ही उस्तेद ने सुरुवात करा, पहिल्या पाच मिनिटात तुतेआमे ऐकाल.

ग्वादालाहारा_रिटर्न
मेक्सिकोत मात्र उलट असू शकतं काकू, तिथे वयस्कर माणसाला उस्तेद बरंच चालतं, काही घरात मुलं आईवडिलांना पण म्हणतात. मी ३ वर्ष होतो आयटीच्या कामाने. आणि तिथे अनेकवचनात बोसोत्रोस (जवळच्या माणसांना म्हणायचं "तुम्ही") हा प्रकारच नाही, मित्र असो नाहीतर साहेब सगळ्यांना उस्तेदेस. मी तिथे शिकून मग माद्रिदला मीटिंगला गेलो तर सगळे म्हणाले किती नम्र मुलगा आहे.

बाय द वे कोखेर हा शब्द स्पेनमधे बस पकडणे, वस्तू घेणे याला सर्रास वापरतात, मेक्सिकोत चुकूनही वापरू नका, तिथे तो शिवी समजा. कशी ते सांगत नाही, काकू वाचतायत.

मालाकाकू
बाळा मी ३४ वर्ष बँकेत काउंटरवर काढलीयेत. कळलं मला.

पेद्रो_पुणेकर
उस्तेद वर एक भर. हा शब्द "बुएस्त्रा मेर्सेद" चा घासून घासून झालाय, म्हणजे "आपली कृपा" किंवा महाराज-सरकार अशा थाटाचं संबोधन. म्हणूनच त्याच्याबरोबर क्रियापद तो/ती चं येतं, उस्तेद तिएने, जसं आपण दरबारात "महाराज येतात" म्हणू, "महाराज तुम्ही येता" नाही. परीक्षेला बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं की उस्तेद बरोबर तिएनेस (तू चं रूप) लिहायची चूक होत नाही.

शंकासूर
माझा पण एक प्रश्न. गुस्तार. पुस्तकात दोन पानं आहेत "हे क्रियापद उलटं चालतं" वगैरे आणि बाणांच्या आकृत्या. मला काही झेपेना.

रानवारा
शंकासूर पुस्तक मिटा. मराठीत बोला.

मला चहा आवडतो. मे गुस्ता एल ते.
मला आंबे आवडतात. मे गुस्तान लोस मांगोस.

आवडतो/आवडतात हे कशावर ठरलं? चहावर आणि आंब्यांवर, "मला" वर नाही. संपलं. उलटं चालतं ते इंग्रजी माणसाला, कारण त्याच्याकडे आय लाईक आहे. आपलं सरळच आहे. असेच मे दुएले (मला दुखतंय), मे फाल्ता (मला कमी पडतंय), मे पारेसे (मला वाटतं), मे इन्तेरेसा (मला रस आहे). माझं डोकं दुखतंय ला मे दुएले ला काबेसा, तिथे "माझं" लावत नाहीत, दुखणं मला म्हटल्यावर डोकं शेजाऱ्याचं कसं असेल.

(मी इथे सगळीकडे स लिहितेय पण बालेन्सियात तुम्हाला थ ऐकू येईल, ग्राथियास, काबेथा. घाबरू नका.)

पेद्रो_पुणेकर
थांबा थांबा. हे सगळं "मराठीत बोला की झालं" प्रकरण मला माझ्या बॅचमधे निस्तरावं लागतं म्हणून सांगतो. मराठीत मला भरपूर ठिकाणी येतं, स्पॅनिशमधे तेवढ्या ठिकाणी मे येत नाही. मला पाहिजे = किएरो. मला माहीत आहे = से. मला भूक लागलीय = तेंगो आम्ब्रे, माझ्याकडे भूक आहे असं. मला ताप आहे = तेंगो फिएब्रे. मला स्पॅनिश येतं = आब्लो एस्पान्योल. इथे सगळीकडे मुलं मे किएरे मे तेंगो लिहून आणतात. शिवाय आपण नुसतं "चहा आवडतो" म्हणतो, तिथे एल ते, एल शिवाय नाही. आणि तिसरी गोष्ट, "नवऱ्याला चहा आवडतो" ला आ मी मारीदो ले गुस्ता एल ते, तो ले मराठी माणूस हमखास गाळतो कारण आपल्याला वाटतं "नवऱ्याला" म्हणून झालंय की, परत "त्याला" कशाला.

मराठी पूल म्हणून ठीक आहे, पुलावर घर बांधू नका.

रानवारा
मान्य. तरी पूल इंग्रजीपेक्षा बरा आहे हे तुम्ही पण कबूल करा सर 😛 एक उदाहरण देते ज्यावर इंग्रजी पुस्तकं धडाच्या धडा खर्च करतात आणि आपल्याला शिकवायलाच लागत नाही. माणूस कर्म असेल तर आधी आ लागतो. बेओ ला मेसा, मी टेबल बघते. बेओ आल निन्यो, मी मुलाला बघते. टेबलाला ला नाही, मुलाला ला. सेम.

आणि याच्या पुढची पायरी ऐका. डॉक्टर शोधतेय (कोणीही चालेल) = बुस्को उन मेदिको. एका डॉक्टरांना शोधतेय (ठराविक, इथेच कुठेतरी गेलेत) = बुस्को आ उन मेदिको. मराठीत पण अगदी तिथेच ला/ना येतो की नाही? हे मला माझ्या इथल्या बाईंनी अर्धा तास समजावलं, मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते अहो हे मला तीन वर्षांची असताना येत होतं.

पेद्रो_पुणेकर
हे मात्र खरंय. मी यापुढे हेच उदाहरण वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली आहे. मस्त धागा.

मालाकाकू
मंडळी, विहीणबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला चार ओळी लिहिल्यात. अ‍ॅपची मदत न घेता. लेकीला दाखवायच्या नाहीत, ती हसते. तपासा.

"ओला कोन्सुएग्रा. मे यामो माला. एस्तोय दे सातारा. गुस्ता कोसिनार. ए कोमिदा ला पाएया उना बेस. किएरो आयुदार मि इखा."

म्हणायचंय असं की मी साताऱ्याची, स्वयंपाक आवडतो, एकदा पाएया (त्यांचा भाताचा प्रकार) खाल्लीय (पुण्याला), लेकीला मदत करायची आहे.

पेद्रो_पुणेकर
पहिल्यांदाच एवढं लिहिलंत, छान. आता लाल पेन.

एस्तोय दे नाही, सोय दे सातारा. मे गुस्ता कोसिनार. आयुदार आ मि इखा, लेकीला मदत, वरची चर्चा. आणि "ए कोमिदा" नाही, ए कोमिदो.

ही शेवटची चूक मी गेली १४ वर्षं बघतोय आणि ती फक्त आपले मराठी-हिंदी लोक करतात, माझ्याबरोबर शिकणारे तमिळ मित्र करत नव्हते. कारण सरळ आहे. मराठीत मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं, भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं. पाएया स्त्रीलिंगी म्हणून तुमच्या हाताने आपोआप कोमिदा लिहिलं. स्पॅनिशमधे आबेर (ए, आस, आ) बरोबरचं रूप कधीच बदलत नाही, पाएया खा, आंबा खा, दहा आंबे खा, कोमिदोच.

बदलतं कुठे, एस्तार बरोबर. ही जोडी पाठ करा:
मी खिडकी उघडली = ए आबिएर्तो ला बेन्ताना.
खिडकी उघडी आहे = ला बेन्ताना एस्ता आबिएर्ता.
मराठीत दोन्हीकडे ई, तिथे पहिल्यात ओ दुसऱ्यात आ.

मालाकाकू
अरेच्चा. मी व्याकरण म्हणून नव्हतं हो लिहिलं, तसंच बरं वाटत होतं.

पेद्रो_पुणेकर
तेच तर.

गोंयकार
गोव्यातून हजेरी. आमच्या आजीला पोर्तुगीज येत होतं त्यामुळे मला स्पॅनिश अर्धं फुकटात मिळालं. काकू तुम्हाला पण थोडं फुकट मिळालेलं आहे, मराठीतच पोर्तुगीज शब्द किती आहेत, चावी हे त्यांचं शावे, स्पॅनिशमधे यावे. साबण ते साबांव, इकडे खाबोन. पाव ते पांव, इकडे पान. म्हणजे तिथे दुकानात पान मागितलंत तर पाव मिळेल, आणि काल म्हणजे चुना, तेव्हा पानाला काल लावून द्या म्हटलंत तर काय होईल बघा 😂

पण एक धोका. बटाटा हा आपण पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांच्यात बटाटा म्हणजे बटाटाच. स्पेनमधे बटाटा म्हणजे पाताता, आणि बाताता म्हणाल तर रताळं. वडे करायला बाजारात बाताता मागू नका.

आणि घरात कोणाला काका म्हणत असाल तर ते आधी बंद करा. का ते लेकीला विचारा.

मालाकाकू
विचारलं. आमच्या ह्यांना सगळी गल्ली काका म्हणते आणि लेकीने जावयाला पण तेच शिकवून ठेवलं होतं, लग्नात तो सगळ्यांसमोर ह्यांना काका काका करत होता आणि विहीणबाईंच्या चेहऱ्यावर ते काय होतं ते मला आज समजलं.

रानवारा
😂😂 (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काका हा तिथल्या लहान मुलांचा शी ला शब्द आहे.)

काकू तुम्ही बाळंतपणाला येताय म्हणून कामाचे शब्द देते. बाळंतपण पार्तो. मूल होणे दार आ लूस, म्हणजे उजेडात देणे. सुईण मात्रोना, हॉस्पिटलात डॉक्टरपेक्षा जास्त तीच भेटेल. अंगावर पाजणे दार एल पेचो. डोहाळे आन्तोखोस, आणि इथे बाळाच्या अंगावरच्या जन्मखुणेला पण आन्तोखो म्हणतात, आईचा डोहाळा राहिला की उठते म्हणे. आपला सव्वा महिना असतो ना, त्याला क्वारेन्तेना, चाळीस दिवस. त्या शब्दाचा करोनावाला अर्थच आता सगळ्यांना आठवतो पण विहीणबाईंना बरोबर कळेल.

आणि बाळाला पहिल्यांदा नवं झबलं घालाल तर एस्त्रेनार, म्हणजे नवी वस्तू पहिल्यांदा वापरणे, आपलं साडीची घडी मोडणे. अमुक साडीची घडी मोडली हे मी इंग्रजीत कधी धड सांगू शकले नाही, इथे एका शब्दात झालं.

हो आणि मार्च म्हणजे फायास! १ ते १९ मार्च रोज दुपारी २ वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात फटाक्यांचा दणका असतो, मास्क्लेता म्हणतात, छातीत हादरे बसतात. १९ ला रात्री मोठमोठे पुतळे जाळतात, आपली होळीच समजा. बाळ-बाळंतीण चौकाजवळ राहत असतील तर खिडक्यांचं आधी बघा.

मालाकाकू
अगं बाई. मग आता खरा प्रश्न. मी डिंकाचे लाडू करून नेणार. विहीणबाईंना सांगायचं होतं की मी लेकीसाठी डिंकाचे लाडू आणतेय. डिक्शनरीत डिंक म्हणजे गोमा, लाडू म्हणजे गोल, चेंडूसारखा, बोला. म्हणून लिहिलं "त्राइगो बोलास दे गोमा पारा मि इखा". त्यांनी उत्तरात बाळाचा फोटो असतो तसा एक हसरा चेहरा आणि "के बिएन, पारा एल बेबे" (छान, बाळासाठी) असं पाठवलंय. लेकीसाठी म्हटलं तर बाळासाठी का म्हणाल्या?

ग्वादालाहारा_रिटर्न
काकू 😭😭😭 गोमा म्हणजे रबर. तुम्ही सांगितलंत की मी मुलीसाठी रबराचे चेंडू आणतेय.

रानवारा
हसून पोट दुखलं. मे दुएले ला बारिगा, शंकासूर नोंद घ्या.

असं लिहा काकू: "त्राइगो गोमा आराबिगा कोमेस्तिब्ले, कोको इ दातिलेस सेकोस पारा आसेर उनोस दुल्सेस ट्रादिसियोनालेस पारा मि इखा". खायचा डिंक, खोबरं, खारका, यांचे आमच्याकडचे पारंपरिक गोड पदार्थ करणार आहे. लाडू हा शब्द लाडूच ठेवा, त्यांना शिकू दे. मुद्दाम "करणार" लिहिलंय, कारण तुपाचं काही घेऊन येऊ नका, युरोपात बाहेरून दुधातुपाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. डिंक खारीक सुकं आणा, इथे लोणी चांगलं मिळतं, कढवू. बाळंतशेपा पण आणा नाहीतर इथे सेमियास दे एनेल्दो म्हणून शोधावं लागेल.

शंकासूर
पारा आणि पोर मधला फरक पण सांगा ना कोणीतरी, वर पारा आलाय म्हणून.

पेद्रो_पुणेकर
थोडक्यात. पारा म्हणजे साठी, पर्यंत, कडे, पुढे बघणारा. पारा ति तुझ्यासाठी, पारा एल लुनेस सोमवारपर्यंत, पारा मि माझ्या मते. पोर म्हणजे मुळे, बद्दल, वरून, मागे किंवा मधून बघणारा. पोर ति तुझ्यामुळे, ग्रासियास पोर तोदो सगळ्याबद्दल आभार, पोर तेलेफोनो फोनवरून, १०० रुपयांना घेतलं ला पोर १०० रुपियास. मराठी प्रत्यय पाठ करा, इंग्रजी "फॉर" विसरा. (हो रानवारा, कबूल.)

रानवारा
🙂 अजून एक माझ्याकडून, ही मला महागात पडली होती. पहिल्या वर्षी घरमालकीणबाईंचा कप माझ्या हातून फुटला, त्यांच्या आईचा होता, निळ्या फुलांचा, अजून आठवतो. मी जाऊन सांगितलं "ए रोतो ला तासा". व्याकरण शंभर टक्के बरोबर. त्यांचा चेहरा असा पडला की बस. मला कळेना, कबूल केलं तरी राग का. आठवडाभराने एका मैत्रिणीने सांगितलं की मी "मी कप फोडला" असं म्हटलं होतं, उभं राहून, माफीचा शब्द न घालता. म्हणायला हवं होतं से मे आ रोतो ला तासा. माझ्या हातून कप फुटला. आपल्याकडे सून सासूला "मी कप फोडला" म्हणेल का कधी!

असंच से मे ओल्बिदो, विसरलं माझ्याकडून. से मे पेर्दिएरोन लास यावेस, माझ्या किल्ल्या हरवल्या, किल्ल्या अनेक म्हणून पेर्दिएरोन. मी कपाटातून कप देताना आजही मनात आधी से मे म्हणून ठेवते.

मालाकाकू
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तीन महिने काढायचेत, से मे आधी पाठ करते, बाकी नंतर.

ग्वादालाहारा_रिटर्न
माझ्याकडून पण एक. बेल वाजली किंवा विहीणबाईंनी आतून हाक मारली तर आपण काय म्हणतो, आले आले! म्हणून तुम्ही बेंगो बेंगो ओरडाल. त्यांना विचित्र वाटेल. तिथे या बोय, म्हणजे शब्दशः "जातेच". बेनीर हे फक्त बोलणारा जिथे आहे तिथे येण्याला. मी सहा महिने बेंगो ओरडत होतो, पिझ्झावाला दाराबाहेर गोंधळलेला. आणि आपण घरातून निघताना "येतो" म्हणतो, जातो म्हणणं अशुभ, ते तिथे अजिबात करू नका, बेंगो म्हणून दाराबाहेर पडलात तर लोक बघत राहतील.

शंकासूर
शेवटचा प्रश्न, मग अभ्यासाला बसतो. सबजन्क्टिव. ए२ ला नाही म्हणतात पण सगळीकडे दिसतो.

पेद्रो_पुणेकर
बी१ ला येईल, आत्ता एवढंच. "तू यावंस असं मला वाटतं" यातलं यावंस आठवा. किएरो के बेंगास. घडलेलं नाही, घडावं असं कोणाच्या तरी मनात आहे, तिथे हे रूप. ओखाला बेंगा, देव करो आणि तो येवो, आणि ओखाला हा शब्दच अरबीतून आलेला आहे, अल्लाची इच्छा असेल तर या अर्थाचा. काकूंना उपयोगी वाक्य: कुआन्दो येगे आ बालेन्सिया, ते यामो. पोहोचले की फोन करते. बघा, आपण पण तिथे "पोहोचते की" म्हणत नाही, अजून निघालो नाही तरी "पोहोचले की" म्हणतो. त्यांचं रूप वेगळं, पण साधं वर्तमान चालत नाही हे दोन्हीकडे सारखं.

मालाकाकू
मंडळी, काल रात्री परत कॉल झाला. लेकीला मुद्दाम खोलीबाहेर पाठवलं.

"मे यामो माला, पेरो सोय मुय बुएना" म्हटलं. सोय च म्हटलं, दोनदा तपासून. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मी उस्तेद लावून पुढे बोलायला लागले तर दुसऱ्याच वाक्याला तुतेआमे, रानवारा, तुमचे पाच मिनिट पण झाले नव्हते. मग लाडवांचा खुलासा केला. तर त्या उठून आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या, त्यांनी बाळासाठी खरोखरच दोन रबरी चेंडू आणून ठेवले होते, माझ्या चेंडूंना जोडीला असावेत म्हणून.

मग त्यांनी विचारलं की कोन्सुएग्रा ला तुमच्या भाषेत काय म्हणतात. मी सांगितलं, विहीण. व त्यांना ब होतो, ह घशातून येतो, आणि ण तर विचारूच नका. पाच-सहा वेळा म्हणून बघितलं, मग मुलाला हाक मारून त्याच्याकडून पण म्हणवून घेतलं. शेवटी जे ठरलं ते ठरलं. मी त्यांना कोन्सुएग्रा म्हणते, त्या मला "बिखीन" म्हणतात. आज सकाळी मेसेज आलाय, "बुएनोस दियास, बिखीन".

उत्तरात काय लिहू? दियास पुल्लिंगी आहे ना, मग शेवटी आस कसं?

रानवारा
पुल्लिंगीच आहे, एल दिया, आ ने संपूनही. ला मानो (हात) उलटं, ओ ने संपून स्त्रीलिंगी. तुम्ही बिनधास्त बुएनोस दियास लिहा. बिखीनबाईंना आमचा पण नमस्कार सांगा.